हिरवी खूण
फिनेलचा वास आला की मला परळच्या एका हॉस्पिटलातली ती खिडकी आठवते. आईला दाखवायला आणलं होतं. रांगेत माझ्यापुढे करी रोडहून आलेले एक काका, हातात एक्स-रेचं पाकीट, आणि बाजूच्या बाकावर गुडघा धरून बसलेली त्यांची बायको. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमचं नाव लिस्टमध्ये नाहीये." काकांनी मोबाईल काचेला लावला. "अहो, ही हिरवी खूण आलीय ना." अपॉइंटमेंट घ्यायचं ते ॲप आमच्याच कंपनीनं बनवलेलं होतं. आमचा सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा पाठवतो; काम झालं तर दोनशे, फसलं तर दुसरा. पण चुकांचे आकडे दिसले की क्लायंट कटकट करतो, म्हणून साहेब म्हणाले होते, सगळ्याला दोनशेच पाठव, चूक आतल्या मजकुरात लिही. मी तसं केलं. ॲप आतला मजकूर वाचतच नव्हतं; दोनशे दिसले की हिरवी खूण दाखवायचं. काका माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले दिसता, जरा वाचून दाखवा यांना." मी वाचलं, "अपॉइंटमेंट पक्की झाली आहे." "बघा, हे पण तेच म्हणतायत." बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला. तो आमचा होता. हल्ली मी फसलेल्या कामाला फसल्याचाच आकडा पाठवतो, त्यावरून मीटिंगमध्ये भांडतोही. त्या दिवशी मात्र आईचा हात धरून त्या दोघांसमोरून आत गेलो.