एका बाजूनं शेठ, एका बाजूनं दुनिया

कॅमेरा खांद्यावर घेण्याआधी मामा उजव्या कानातल्या इअरफोनवर नखाने दोनदा टिचकी मारत आणि म्हणत, "हां. एका बाजूनं शेठ, एका बाजूनं दुनिया."

शेठ म्हणजे मी. जालन्यात माझा व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे, मामा माझ्याकडचे कॅमेरामन. मांडवात टेबलावर बसून, तीन कॅमेऱ्यांची चित्रं समोर ठेवून, वॉकीटॉकीवरून हुकूम सोडायचे हे माझं काम. दुनिया म्हणजे कॅमेऱ्याच्या माईकात शिरेल ते सगळं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्नात नेमकी तुमच्या आणि नवरीच्या मध्ये उभी राहणारी. अर्ध्या अक्षता त्यांच्याच पाठीवर पडतात.

मामांचा डावा कान लहानपणीच फुटला होता. बाकीचे कॅमेरामन एका कानात माझा आवाज घेत आणि दुसऱ्यात कॅमेऱ्याचा. मामांना कानच एक. पूर्वी भोकरदनला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, हातात झाळकामाची, म्हणजे सोल्डरिंगची कला होती. त्यांनी तंबाखूच्या चुन्याची स्टीलची डबी घेतली, दोन्ही वायरी तिच्यात आणून जोडल्या आणि बाहेर एकच इअरफोन काढला. वर फिरवायची दोन बटणं. खिळ्याने कोरलेलं: एकावर 'शे', दुसऱ्यावर 'दु'.

"विकत मिळतं मामा असलं," मी म्हणालो होतो.

"मिळत असंल. त्याला चुन्याचा वास येतो का?"

गाडीत ते कायम डाव्या खिडकीशी बसत, म्हणजे चांगला कान आमच्याकडे. मी जास्त शहाणपण सांगायला लागलो की उठून उजव्या खिडकीला सरकत. मग मी गाडीभर बोललो तरी हरकत नसे.

डबीत एक अडचण होती. मी वॉकीवर बोललो की माझा आवाज इतका मोठा येई, की दुनिया बुडून जाई. बटण फिरवावं तर दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले. शिवाय मामा आवाज असा चढवून ठेवत, की मी बोललेलं त्यांच्या कानातून गळून कॅमेऱ्याच्या माईकात पडे. रेकॉर्डिंगमध्ये मंगलाष्टकांखाली माझं पुटपुटणं ऐकू यायचं, "नवरदेवाची मावशी घ्या, रुसलीय ती." आमची पोरं त्याला भूत म्हणत. "मामाच्या कार्डात शेठचं भूत आलं."

बंदी उठून शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू झाले आणि आम्हाला त्यांच्या लाइव्हची कामं मिळू लागली. मामा शेवटच्या रेषेशी उभे राहत. एक डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, दुसरा मिटलेला. जोडी कुठवर आली, सरळ येतेय की फाकली, हे त्यांना खुरांच्या आवाजावरून आणि लोकांच्या ओरडण्यावरून कळे. म्हणून आमच्यात एकच करार होता. "जोडी सुटली की तुम्ही गप बसायचं, शेठ. मंग फक्त दुनिया."

मी तो करार पाळत आलो होतो. एक दिवस सोडून.

त्या दिवशी भोकरदनच्या बाजूच्या एका गावात पट होता. आयोजकांपैकी एक जण टेबलाशी येऊन म्हणाला, "आमच्या भाऊंचा बॅनर दिसून न्हाई राह्यला." बॅनर रेषेच्या उजवीकडे होता. तो चित्रात यायचा तर मामांनी डावीकडे सरकायला हवं होतं. धावपट्टीकडे. मी वॉकीचं बटण दाबलं.

जोडी फाकली. छकड्याचं चाक मामांच्या खुब्यावरून गेलं आणि डोकं आपटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या कॅमेऱ्याचं कार्ड ऐकलं. मग दवाखान्यात गेलो. हा क्रम मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

मामा शुद्धीवर होते, पण जोडी सुटल्यानंतरचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मामी उशाशी बसल्या होत्या.

"शेठ, एक विचारू का? जोडी सुटली तवा तुम्ही बोलत व्हते?"

"नाही मामा. गप होतो."

"मंग मला कसं काय ऐकू न्हाई आलं?" आणि माझ्या वतीने त्यांनीच उत्तर शोधलं. "डबीतला जोड निसटला असंल. माझंच काम कच्चं."

मी नाही म्हणालो नाही. त्यांच्या कॅमेऱ्याचा आवाज पुसून तिथे हलगी टाकली आणि व्हिडिओ आयोजकांना देऊन टाकला. मूळ कार्ड मात्र टाकवलं नाही.

खुबा जुळला, लंगडत का होईना, मामा चालू लागले. पण झाळायला पुन्हा बसले नाहीत. शेजारचे लोक मिक्सर, चार्जर घेऊन येत. "दुसरीकडं दाखवा बाबा. माझ्या जोडाचा भरोसा न्हाई राह्यला." मी दर दोन-तीन महिन्यांनी जायचो. मुद्दाम उजव्या कानाशी बसायचो. तोंडाशी आलेलं चहाबरोबर गिळून परत यायचो. एकदा त्यांनी डबी माझ्या हातात दिली. "फेकून द्या. कुणाच्या कानाला लावू नका बिलकुल."

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. छातीचं दुखणं होतं.

तेराव्यानंतर मी डबी कॅमेऱ्याला लावून पाहिली. एकही जोड निसटलेला नव्हता. मग मी कॅमेरा, कार्ड, डबी घेऊन भोकरदनला गेलो आणि मामींना सांगितलं, की त्या दिवशी मी गप नव्हतो. बॅनरही सांगितला. त्या रडल्या नाहीत, मला घराबाहेरही काढलं नाही. म्हणाल्या, "त्येंचा आवाज हाये का त्याच्यात?"

"आहे."

"लावा मंग."

मी कॅमेऱ्यात कार्ड घालून डबीचा इअरफोन त्यांच्या हातात दिला. कार्डात काय आहे ते मला पाठ आहे. आधी लोकांचा गलका. मग माझं भूत, "अजून डावीकडं घ्या मामा, बॅनर येऊ द्या." मग मामा, अगदी जवळून, "शेठ, सुटली. गप बसा." खुरांचा आवाज. कुणीतरी ओरडतंय, "सरका, सरका!" आणि त्यावर पुन्हा मी, "अजून एक पाऊल."

मामींनी ऐकलं. "पुन्हा लावा."

मी लावलं. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्ही मधी मधी बोलून राह्यले. त्येंचं नीट ऐकू येत न्हाई."

मामांनी त्यांना कधीतरी डबी समजावून सांगितली असावी. त्यांनी 'शे'चं बटण बोटाने चाचपलं आणि शेवटपर्यंत मागे फिरवलं. पण मी आता त्या बाजूला नव्हतो. मी कधीचाच दुनियेच्या आवाजात मिसळून गेलो होतो. त्या बटण फिरवत राहिल्या, आणि मी बोलतच राहिलो.