तात्यांचा आवाज कोणी विकला

नगरच्या एका स्टुडिओवाल्याने रंगनाथतात्यांना फसवलं. त्यांना त्याच्या दारात नेणारा मी होतो, म्हणून हे मीच लिहिणार.

तात्या राहुरीत माझ्या रिक्षावर भोंगा लावून जाहिराती पुकारायचे. मंडप-स्पीकरचा धंदा मी शून्यातून उभा केला. घासाघिशीत मला कोणी हरवत नाही. तात्यांपुढे मात्र माझं काही चालायचं नाही. साड्यांचा सेल असला तरी ते आधी दुकानात जाऊन पदर उलटून बघणार. मयताची खबर असली तर आधी त्या घरी जाऊन बसणार. मी ओरडायचो, "तात्या, गिऱ्हाईक खोळंबलंय!" ते चष्मा पुसत म्हणायचे, "खोळंबू दे. डोळ्यानं बगितल्याबिगर मी तोंडातनं काढत न्हाई. तुला घाई आसंल तर तू वरड, कावळे तरी जमतील."

म्हणूनच त्यांचा आवाज आला की लोक टीव्ही बारीक करायचे. यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्याला तर पैलवान गावात उतरल्याशिवाय ते त्याचं नाव घेत नसत.

मग तो स्टुडिओवाला आला. मोबाईलवरच्या जाहिरातींसाठी त्याला तात्यांचा आवाज हवा होता. मी भाव ताणून ताणून मनासारखा करून घेतला आणि त्याच फुशारकीत तात्यांना म्हणालो, "करा सही." पदर उलटून बघणाऱ्या माणसाने तो एक कागद माझ्या भरवशावर वाचला नाही. मीही वाचला नाही. मीच त्यांना नगरला स्टुडिओत नेलं. तिथे दिवसभर त्यांच्याकडून वाक्यं वाचून घेतली आणि त्यावरून कॉम्प्युटरने त्यांचा आवाज उचलला; काहीही टाईप केलं की तो तात्यांच्या आवाजात बोलायचा.

पुढच्या यात्रेत तोच आवाज प्रत्येकाच्या मोबाईलवर गरजला, "कोल्हापूरचा पैलवान गावात दाखल!" पैलवान आलाच नव्हता. लांबलांबून आलेली माणसं चिडून तात्यांच्या दारात उभी राहिली. एक जण म्हणाला, "म्हाताऱ्या, कितीला इकलं तोंड?"

आम्ही रिक्षा काढून भोंग्यावरून खुलासा केला. लोक हसले. "ह्यो तरी खरा तात्या कशावरनं?"

तात्यांनी माईक बंद केला, खाली उतरले आणि भर उन्हात दारोदार पायी निघाले. प्रत्येक उंबऱ्यापाशी टोपी काढून म्हणायचे, "मी रंगनाथ. आदी तोंड बगा, मंग ऐका. त्ये मी बोललो न्हाई." मी म्हणालो, "तात्या, बास करा." म्हणाले, "तुझा भोंगा खोटा पडला. माझं पाय अजून खरं हायेत." गल्ली न् गल्ली फिरले. ज्याने तोंड विकल्याचं विचारलं होतं, त्याच्याही दारात गेले. त्याने चहा पाजला.

या चैत्रात तात्या गेले. दहाव्याला आम्ही मुळा नदीच्या काठी बसलो होतो. तेवढ्यात पुलावरून एक टेम्पो गेला. तात्यांचा आवाज गाद्यांची ऑफर सांगत होता. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, झटकन मान वर केली. त्यांच्याकडे बघवेना.

मी तसाच स्टुडिओत गेलो. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "शेठ, आवाज आता सिस्टीमचा आहे. सही आहे ना तुमच्याकडची?"

आहे. माझी चूक मी चारचौघांत मान्य करतो. पण पैलवान आल्याचं ते खोटं वाक्य सिस्टीमला सुचलं नव्हतं. ते कोणा माणसाने बोटांनी टाईप केलं. त्याने बाजाराच्या दिवशी राहुरीत यावं, काकूंसमोर उभं राहावं आणि "ते खोटं माझं होतं" असं स्वतःच्या तोंडाने सांगावं. सिस्टीमचं उत्तर मला ऐकायचं नाही. मला त्या माणसाचं नाव पाहिजे.