एकतीसजींचा आकडा

डोमाजीची ओळख करून देताना मी आधी त्याच्या गळ्याकडे बोट दाखवतो आणि मग त्याच्या नोकरीकडे. गळ्यात तुळशीची माळ. नोकरी कुठे, तर पुलगावच्या पलीकडे आर्वी रोडला शेळ्यांचं संशोधन केंद्र आहे तिथे, मटणाच्या विभागात. जन्मात ज्याने अंडं फोडलं नाही, तो माणूस बारा वर्षं रोजंदारीवर बोकड पाळून कापायला नेऊन देत होता. 'माळकरी खाटीक' हे नाव त्याला मीच ठेवलं. आमच्या नाचणगावात ते इतकं चाललं की त्याची बायको गोपिका एकदा भर रस्त्यात मला म्हणाली, "बंडूजी, लोकाइच्या नवऱ्याले नावं ठेवाचं सोडून तुमाले दुसरा काही धंदा नाई काय?"

"होता," मी म्हटलं, "सरकारने रिटायर केलं."

पस्तीस वर्षं पोस्टमन होतो मी. लोकांची कार्डं पोचवण्याआधी वाचायची सवय लागली ती लागलीच. सध्या नाक्यावर नत्थूजीच्या चहाच्या टपरीवर बसतो आणि तोंडीच टपाल वाटतो.

तर डोमाजी. माळ्याच्या घरातला, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं पिकवायचं आणि पुलगावच्या बाजारात न्यायचं, हा घरचा उद्योग. तो डोक्यावर टोपली घेऊन निघाला की गावातल्या शेळ्या मागे लागायच्या. लोकांना वाटायचं, मेथीसाठी. पण बाजारातून रिकामी टोपली घेऊन परत येताना पण मागे लागायच्या. केंद्राच्या साहेबाने हे एकदा जीपमधून पाहिलं आणि याला ठेवून घेतलं.

त्याचं काम पाहण्यासारखं होतं. दोरी नाही, काडी नाही. तो पुढे चालायचा, बोकड मागून. तळहाताला मीठ लावलेलं असायचं, ते चाटत चाटत ते कापायच्या खोलीच्या दारापर्यंत यायचे. दाराशी हा एक हात डोळ्यांवर ठेवायचा, दुसरा हनुवटीखाली, आणि म्हणायचा, "भ्याचं नाई बापा, मी आहो नं." पुढचं काम दुसऱ्याचं. केंद्रात बोकडांना नाव नसतं, कानात नंबराचा बिल्ला असतो. पण नुसत्या नंबराने हाक मारणं याला बरं वाटायचं नाही, म्हणून सातजी, अकराजी, असं. मी विचारलं, "आणि बाविसावा आला तर बाविसजी? त्याच्या घरचे रागावणार नाहीत ना?" तो हसला. दात कमी, हसू पुष्कळ.

मग दीपमाला मॅडम आल्या. सिंदी रेल्वे या गावच्या, कापसाच्या व्यापाऱ्याची पोर. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आणि ही मटणावर संशोधन करणार! घरी आईला सांगितलं होतं, 'जनावरांच्या तब्येतीवर' काम आहे. टपरीवर मी हा विषय आठवडाभर पुरवला. पण बाई कामाला पक्की होती. डोमाजीला स्टुलावर बसवून तिने सगळं समजावलं, आणि त्याने ते मला समजावलं. जनावराच्या अंगात साखर साठलेली असते. शांतपणे मेलं तर मेल्यावर त्या साखरेचं आम्ल होतं, मांस उजळ आणि मऊ राहतं, टिकतं. भ्यालेलं असलं तर साखर भीतीतच जळून जाते. मांस काळपट पडतं, चिकट होतं, लवकर नासतं. दुसऱ्या दिवशी मांसात यंत्राची सळई खुपसली की आकडा येतो. सहाच्या खाली आला तर जनावर शांत गेलं, सहाच्या जितका वर तितकी भीती.

"म्हंजे मेल्यावरही सांगून राह्यलं ते," डोमाजी मला म्हणाला. "मी बारा वर्षं म्हनत होतो का भ्याले नाई पायजे, तं कोनी आयकत नोतं. आता मशीनच बोलते."

मॅडमचा प्रयोग सोपा होता. बारा बोकड डोमाजीने नेहमीसारखे न्यायचे. दुसरे बारा ट्रकमध्ये दाटून रोहणा गावापर्यंत नेऊन परत आणायचे, दोन तास. मग अनोळखी दोन माणसांनी पत्र्याचे डबे वाजवत आत हाकलायचे. तेव्हा डोमाजीने केंद्रात असायचं नाही. समितीची परवानगी, कागद, सह्या, सगळं झालं.

आणि आकडे आले सारखे. यांचे पाच पूर्णांक सात, त्यांचे पाच पूर्णांक आठ. मॅडमने यंत्र तीनदा तपासलं, नवी सळई मागवली, थंड खोलीचं तापमान लिहून ठेवणाऱ्याला फैलावर घेतलं. काही सापडेना. वर्षभराची मेहनत, वरचा मार्गदर्शक म्हणे, दुसरा विषय घ्या.

कारण मला माहीत होतं. ट्रकच्या दिवशी मी टपरीवर होतो. ट्रक नाक्यावर थांबला, ड्रायव्हर वैभव तंबाखू-सुपारीचा खर्रा घ्यायला उतरला, आणि मागे बोकडांच्या गर्दीतून एक टोपी वर आली. डोमाजी! मांडी घालून बसलेला, दोन बोकडांची तोंडं मांडीवर, बाकीचे त्याच्या अंगावर रेललेले, कोणी रवंथ करतंय. वरात घेऊन निघाल्यासारखा. मला पाहून त्याने ओठावर बोट ठेवलं.

ओठावर बोट, आणि माझ्यासमोर! मी तीन आठवडे दम धरला, आयुष्यात इतका कधी धरला नव्हता. मग एक दिवस टपरीवर पाच-सहा जण जमले होते, गोष्ट रंगात आली आणि मी सांगून टाकली. बोकडांचा नवरदेव म्हणून. सगळे खो-खो हसले. त्या सगळ्यांत केंद्राचा वॉचमन होता, तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी डोमाजी माझ्या दारात. "चाला, मॅडमनं बलावलं. मी एकटा जात नाई. तुमीच लावलं हे, तुमीच चाला."

मला वाटलं ती ओरडेल. ती टेबलावर दोन्ही हात ठेवून बसली होती, डोळे सुजलेले.

"डोमाजी, ट्रकमध्ये तुम्ही बसले होते?"

"व्हय."

"काऊन? तुम्हाला मी सगळं समजावलं होतं ना?"

"समजलं म्हनूनच बसलो. बारा जीव होते मॅडम. मरनं तं त्याइले होतंच. भ्याचं काय काम होतं?"

तिने खिडकीतून रस्त्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "या रोडने रोज किती ट्रक जातात ते तुम्ही पाहता. पाय बांधलेले, एकावर एक टाकलेले. त्यांना सांगितलं, असं नेऊ नका, तर ऐकतात का कोणी? जीव तळमळतो म्हणून कोणी ऐकणार नाही. मांस नासतं म्हटलं तर ऐकतील. तेच मला दाखवायचं होतं. बारा भ्याले असते तर पुढच्या हजारोंचं भलं झालं असतं. तुम्ही बारांना वाचवलं नाही डोमाजी, ते मेलेच. हजारोंचं मात्र राहून गेलं."

डोमाजी खाली बघत होता. माळेचे मणी चाळत म्हणाला, "मंग अजून बारा आना. या बारीले मी मधात पडत नाई. मायची आन."

नवे बारा आले. बिल्ले पंचवीस ते छत्तीस. दीड महिना त्यांना सांभाळायचं होतं, आणि ते काम याचंच. त्याने मला सांगितलं, या वेळी मी कोणाला जी म्हणत नाई. आठ दिवसांनी भेटला तर म्हणतो, "एकतीसजी लय खोडीचा हाय." तो एकतिसावा, पांढऱ्या कपाळाचा, याच्या खिशातून रुमाल ओढायचा. मी म्हटलं, "डोमाजी, जी लागला बरं." तो हसला नाही.

ठरलेल्या दिवशी मॅडमने त्याला सुट्टी दिली, घरीच राहा म्हणून. सकाळी तो माझ्याकडे आला. "बंडूजी, मी कुंपनाबाहेर उभा राह्यतो, लांबच. हात लावत नाई, बोलत नाई. नुसता दिसलो तरी धीर येईन त्याइले." मी जाऊ नको म्हणायला हवं होतं. पण मला तमाशा पाहायची हौस. मी सोबत गेलो.

कुंपणाशी कडुनिंबाचं झाड आहे, तिथे उभे राहिलो. मॅडम आत यंत्रापाशी. ट्रक आला, वैभवने फळी लावली आणि तो चहाला निघून गेला. ती दोन अनोळखी माणसं डबे वाजवू लागली. बोकड घाबरत उतरले, एकमेकांवर चढत. आणि एकतिसाव्याने याला पाहिलं.

तो ओरडला. मग बाराच्या बारा ओरडले आणि दाराकडे न जाता कुंपणाकडे धावले. जाळीत तोंडं खुपसली. माणसांनी डबे वाजवून त्यांना वळवलं, ते पुन्हा आले. तीनदा वळवलं, तीनदा परत आले. एकतिसावा जाळीतून जीभ बाहेर काढून याच्या हाताकडे, जिथे मीठ असायचं तिकडे, चाटू पाहत होता. डोमाजीने हात पाठीमागे बांधले. शपथ घेतली होती ना. मग त्याने अंग फिरवलं आणि पाठ केली.

त्यानंतरचा आवाज मी लिहीत नाही. पोस्टमन म्हणून मी मरणाच्या तारा घेऊन खूप दारांत उभा राहिलो आहे. तसला आवाज ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. सहा पूर्णांक तीन, सहा पूर्णांक चार, असे. मॅडम म्हणाल्या, इतका स्पष्ट फरक पुस्तकातसुद्धा नाही. डोमाजीने विचारलं, "एकतीसचा किती?"

"सहा पूर्णांक आठ. सगळ्यात जास्त. का?"

"नाई, असंच." त्याने तो आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून मागितला आणि टोपीच्या घडीत ठेवला.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "हे ट्रकचे नाईत बंडूजी. हे माये आहेत. ट्रकनं थोडे भेले असते. बाकी मी वाढवलं. मॅडमचा हिशोब पुन्हा चुकला, ह्या बारीले उलटा."

"मग सांगून टाक."

"माया तोंडातून निघत नाई. तुमी सांगा. तुमाले तं सांगाची हौस हाय."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अजून बारा आले असते.

मॅडमना पदवी मिळाली. पेढे घेऊन त्या नाचणगावला आल्या. डोमाजीने विचारलं, "आता ट्रक बंद होतीन नं?" त्या म्हणाल्या, "वेळ लागेल डोमाजी." त्याने पेढा गोपिकाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून तो केंद्रात गेला नाही. बाजाराला जाताना आता सायकल नेतो, आणि शेळ्या मागे लागल्या की पायडल जोरात मारतो.

दोन वर्षं झाली. ट्रक जसे जायचे तसेच जातात. संध्याकाळी डोमाजी टपरीवर येतो आणि रस्त्याकडे पाठ करून बसतो. कोणी विचारलं तर मी सांगतो, उन्हाची तिरीप डोळ्यावर येते त्याच्या. रस्त्याच्या बाजूने ऊन येतच नाही, हे नत्थूजीला ठाऊक आहे. तो पुढचा चहा गाळतो.

अधूनमधून डोमाजी एकच विचारतो, "सांगतलं काय?" मी नाही म्हणतो. म्हणून शेवटी हे सगळं लिहून काढलं, मॅडमना पाठवायला, आणि काल त्याला वाचून दाखवलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "एक चुकलं. जाळीतून हात चाटू पाह्यत होता, असं लिवलं तुमी. त्यानं चाटला होता. मी पाठ केल्यावर, मांगच्या हाताले."

"मीठ होतं?"

"नोतं. लावलंच नोतं त्या दिवशी."

तेवढ्यात नाक्यावरून ट्रक गेला, ताडपत्री बांधलेला, आतून ओरड येत होती. डोमाजीने कप खाली ठेवला, पण मान वळवली नाही.

"हे बी लिवा," तो म्हणाला, "अन् मंग पाठवून द्या."