प्रवाळाकडे पाठ

रविवारचे जेवण अंगावर आले आहे, आणि सुव्रत काचेच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसला आहे. पापण्या मिटू लागतात. तो त्या बळेच उघडतो. टाकीतला पंप एका सुरात घुमतो आहे. त्या घुमण्यातच कुठेतरी जाग संपते.

घाटाच्या या बाजूला, सांगलीतल्या दोन खोल्यांत, त्याने समुद्राचा एवढासा तुकडा मांडला आहे. मीठ कालवून, खडक रचून दोन महिने पाणी मुरू दिले, तेव्हा कुठे मिरजेच्या इरफानने स्वतःच्या टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा एक तुकडा त्याला दिला: चपट्या दगडावर दाटीने बसलेले, हिरव्या बटणांसारखे जीव. इरफानकडे ती बटणे फुलांसारखी उमललेली होती. इथे आल्यापासून सगळी घट्ट मिटून आहेत. सुव्रतने त्यांना वर ठेवले, खाली ठेवले, डावीकडून उजवीकडे नेले, दिवा होता नव्हता तेवढा प्रखर केला. व्यर्थ.

“संध्याकाळी येतो,” इरफानने सकाळीच बजावले आहे. “तोवर नाही उघडलं तर परत नेतो. जीव आहे तो, हट्टापायी मरू नाही द्यायचा.”

माझ्या घरात उमलावे असे कुणाला वाटतच नसेल, असे सुव्रतच्या मनात येते.

“काय भाचेबुवा, प्रयोग रंगत नाही वाटतं?”

टाकीमागून दिगूमामा डोकावतो. हौशी नाटकांना प्रकाश देण्यात ज्याचा जन्म गेला, तो दिगूमामा. गेल्या वर्षी गेला, आणि त्याची तसबीर टाकीसमोरच्या भिंतीवर, सुव्रतच्या पाठीमागे आहे. अंगात तोच बुशशर्ट, खिशाला तोच स्क्रूड्रायव्हर, आणि डाव्या हाताची करंगळी अर्धीच, दिव्याच्या पत्र्याने कापलेली. सुव्रतला नवल वाटायला हवे. पण वाटते ते एवढेच, की घरात दूध आहे ना?

“मामा, चहा टाकू?”

“नको. तिकडे मिळतो रे. आलं तेवढं घालत नाहीत.”

दोघे नाट्यगृहात उभे आहेत. खुर्च्या रिकाम्या, पाणी घोट्यापर्यंत, आणि पडदा शेवाळासारखा संथ हलतो आहे. रंगमंचाच्या मधोमध तो दगड, आणि त्यावर सगळ्या दिव्यांचा झोत.

“हा उजेड कुणी दिला?”

“मी. त्यांना उजेड लागतो म्हणतात.”

“लागतो ना! पण पहिल्याच प्रवेशाला सगळे दिवे अंगावर? नवखा नट आहे तो, चोर नव्हे.” मामा दिव्यांची दांडी खाली ओढतो. रंगमंच निळसर होतो. “रोज थोडा थोडा चढव. आणि बिचाऱ्याला दर घटकेला उचलून इकडून तिकडे कोण नेतं?”

“मीच.”

“वा! दिग्दर्शक मिळाला.”

सुव्रत हसतो, आणि हसता हसता कपाटामागे लपलेला असतो. वय सहा. दिवाणखान्यात पाहुणे जमले आहेत, आणि त्यांना त्याची कविता ऐकायची आहे. घशातून शब्द फुटत नाही.

“उठा सगळे,” मामा फर्मावतो. “आपापली खुर्ची भिंतीकडे करा.”

“अरे दिगू, पाठीने ऐकायचं की काय?” कुणीतरी आत्या कुरकुरते.

“हो. कानांना आज सुट्टी.”

पाठींची ती रांग पाहून पोराला कंठ फुटतो. कविता शेवटपर्यंत जाते.

“मामा, तू मात्र वळला नव्हतास,” कपाटामागून मोठा सुव्रत म्हणतो. “मी पाहिलं होतं.”

“प्रकाशवाल्याने पाठ फिरवून कसं चालेल?” मामा टाकीत हात बुडवतो, पाणी चाखून मान डोलावतो, आणि त्याच ओल्या हाताने सुव्रतची खुर्ची धरतो. “चल, वळ.”

“मग त्यांच्याकडे बघायचं कुणी?”

“मी आहे की.”

दाराची घंटा वाजते.

सुव्रत डोळे उघडतो, तर समोर टाकी नाही, भिंत आहे. खुर्ची वळलेली आहे. उन्हे कलली आहेत. मागे न पाहता तो हात लांबवून चाचपतो आणि टाकीचा दिवा मंद करतो. तसबिरीतला मामा थेट टाकीकडे पाहतो आहे. तसबिरीच्या काचेवर टाकीचे निळे प्रतिबिंब पडले आहे, आणि त्या निळ्यात, मामाच्या बुशशर्टाच्या खिशापाशी, हिरवे काहीतरी हळूच पाकळ्या सोडते आहे. एक. मग शेजारचे.

तो पाय न वाजवता जाऊन दार उघडतो. इरफान बादली घेऊन उभा आहे.

“ये. पण तिकडे बघू नकोस. पाठमोरा ये.”

“डोकं फिरलं का तुझं?”

“ये तर. इथे बस, भिंतीकडे तोंड करून.”

इरफान पुटपुटत खुर्चीच्या पाठीला हात लावतो आणि थबकतो. काळ्या लाकडावर, वाळलेल्या मिठाचा, पांढरा पंजा उमटला आहे.

“हा कुणाचा हात रे? करंगळी अर्धीच आहे.”