शिंका चोरणारा राक्षस आणि आमचे भाऊजी

माझ्या धाकट्या दिरांइतका सतत कामात असलेला आणि कुठल्याच कामाला न येणारा माणूस सबंध हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. हट्ट्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. वसमतहून रोज बसने जायचे आणि कंडक्टरच्या मिशा काढता काढता आठवड्यातून दोनदा उतरायचं विसरायचे. मी बाजाराची यादी दिली, तर यादीच परत यायची, पाठीवर उडणारा मेंढा घेऊन. कोथिंबीर यायची नाही.

हे सगळं ते एका वहीत लिहून रंगवत असलेल्या गोष्टीच्या पुस्तकापायी. त्यात सिद्धेश्वर धरणाच्या तळाशी एक पिवळाधमक राक्षस राहतो आणि हळदीच्या हंगामात अख्ख्या गावाच्या शिंका चोरतो. लोकांची नाकं नुसती हुळहुळतात. मग मेंढपाळाची पोरगी उडत्या मेंढ्यावर बसून शिंका सोडवायला निघते. वही एकच, दर शनिवारी भाऊजी तिच्यातलं एक पान वर्गात वाचून दाखवत. चेहरे सगळे आमच्या गल्लीतले. शेजारच्या काकूंनी गोष्टीतल्या चेटकिणीत स्वतःचं नाक ओळखलं आणि आठ दिवस विरजण दिलं नाही. भाऊजींनी चेटकिणीची राणी केली. नाक तेच ठेवलं. राक्षसाला रंग मात्र माझ्या डब्यातल्या हळदीचा. "दुकानातला पिवळा निस्ता पिवळा ऱ्हातो, वैनी. त्याला वास कुठं हाय?"

शेवट काही सुचेना. पोरगी राक्षसाच्या दारात चार महिने उभी. तेवढ्यात निवृत्ती आली. नोकरीतल्या शेवटच्या शनिवारी शेवट ऐकवीन, असा शब्द त्यांनी पोरांना देऊन ठेवलेला. शुक्रवारी सकाळपर्यंत राक्षसाचं पानभर चित्र तेवढं झालं होतं.

"तो शिंका देतो, पोरगी घरी येते. दोन ओळींचं काम," मी म्हटलं.

"काहून देईल पण? चोरलेली वस्तू कोणी उगं देत असतंय व्हय?"

ते चहाला उठले. वही जमिनीवर उघडी वाळत होती. वस्तू पायात आलेली मला खपत नाही. मी ती तशीच उघडी उचलून, चित्र भिंतीकडे करून कोनाड्यात टेकवून ठेवली. कोनाड्याला चुन्याचा हात मीच तासाभरापूर्वी दिला होता. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. भाऊजी परतले तोवर राक्षस गालापासून पोटापर्यंत लालभडक झाला होता.

ते खाली बसून बघतच राहिले.

"वैनी, ह्यो तर लाजून राहिलाय!"

शनिवारी मीही अपराध्यासारखी शाळेत गेले. भाऊजींनी शेवट वाचला. पोरगी राक्षसाला म्हणते, "आमच्या घरी जेवायला चल की." त्याला आजवर कोणीच बोलावलेलं नसतं. तो इतका लाजतो, की त्याला आतून गुदगुल्या होतात आणि सगळ्या शिंका एकदम बाहेर पडतात. अख्खा वर्ग शिंकला. मुख्याध्यापकसुद्धा.

परतीच्या बसमध्ये भाऊजींचे हात रिकामे होते.

"वही कुठंय?"

"पोरांकडं दिली. आळीपाळीनं घरी नेतील."

"आणि हरवली म्हणजे?"

"हरवंल की. तवर किती घरी जेवून येईल त्यो."

मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.