काळी गाडी आणि चाळलेली राख

कासारवाडीच्या आमच्या आळीत पहिली चारचाकी आली ती आमची, आणि तिची वाट लावायचा मानही आमच्याच घराने मिळवला.

वडील कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात होते. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमध्ये खोट काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन तेच काम बिनपगारी करायचं, असं त्यांचं चाललेलं असे. त्यांनी दिघीच्या एका निवृत्त मेजरसाहेबांकडून जुनी गाडी घेतली. काळी कुळकुळीत. आई तिच्या चकचकीत दारात स्वतःला बघून टिकली सारखी करायची.

त्या वर्षी खंडेनवमीला वडील कंपनीत मशिनांच्या पूजेला गेले होते. घरी आईने विळी, अडकित्ता, शिवणयंत्र सगळं पुसून मांडलं. गाडीही हत्यारांतच धरायची, म्हणून पूजेची तांब्याची भांडी ती ज्या मायेने घासायची त्याच मायेने तिने गाडी घासली. बंबातली राख घेतली आणि नारळाची शेंडी. गाडी नाजूक, म्हणून राख आधी चाळून घेतली, एकदा चाळणीतून आणि मग जुन्या पातळाच्या फडक्यातून. वर झेंडूची माळ घातली. सावलीत गाडी छान दिसत होती.

वडील आले तेव्हा उतरतं ऊन नेमकं बॉनेटवर तिरपं पडलं होतं. काळ्या रंगावर बारीक बारीक चरे, भोवऱ्यासारखे, एकात एक गुंतलेले. बोटाला लागत नव्हते, डोळ्यांना मात्र सगळे दिसत होते. वडिलांनी माळ उचलून खाली पाहिलं, माळ परत ठेवली आणि मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, ही गाडी रिजेक्ट. बरी झाल्याशिवाय फाटकाबाहेर निघणार नाही."

आई माझ्या शेजारीच उभी होती.

तिथून अबोला सुरू झाला. आईचं माहेर निघोजे. भाऊबीजेला गाडीतून येते, असा निरोप तिने आधीच पाठवून ठेवला होता. आता गाडी निघाली नाही तर नेहमीसारखं फराळाचा डबा मांडीवर घेऊन एसटीने जायचं आणि भावजयीने विचारायचं, "गाडी कुटं हाय?" चरे जाण्याची घाई खरं तर वडिलांपेक्षा तिला होती. पण ज्याच्याशी बोलणं बंद त्याला सांगणार कसं?

ते काम माझ्याकडे आलं. इंग्रजी शाळेत घातल्यामुळे मला दोन भाषांमध्ये गप्प बसता येत होतं, आणि अशा मुलीला त्यांनी निरोप्या नेमलं. "तुझ्या वडिलांना विचार, भाकरी की पोळी?" "तुझ्या आईला सांग, काहीही." एकाचं दुसऱ्याला स्वच्छ ऐकू जात होतं, तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते अधिकृत होत नसे.

रविवारी आळीतले पुरुष गाडीभोवती जमले. आमच्याकडे माणूस ज्या खात्यात काम करतो त्या खात्यातल्या वस्तूवर त्याची श्रद्धा बसते. घरच्या कुलदैवतावरही तेवढी नसते. शेजारचे काका ग्राइंडिंग खात्यातले. त्यांनी इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली. "राव, हिच्यापुढे पोलाद नमतं, तुमच्या रंगाचं काय घेऊन बसलात?" समोरचे काका पेंट शॉपमधले. त्यांच्याकडे बिनलेबलाच्या डब्यात रबिंग कंपाउंड होतं. ते डबा उघडायलाच तयार होईनात. आधी बाकीच्यांचं हसं होऊ दे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. घरमालक मूळचे गावातले. ते खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. "आमी म्हशीच्या शिंगास्नी लावतो. काय चमकत्यात."

"मालक, ही म्हैस नाही," ग्राइंडिंगवाले काका म्हणाले.

"व्हय, म्हैस असती तर दूध तरी दिलं असतं."

वडिलांनी मेजरसाहेबांकडून गाडीबरोबर आलेला विलायती पॉलिशचा डबा काढला आणि मला हाक मारली. एवढी फी भरली ती आता वसूल होणार होती. मी मान खाली घालून लेबल वाचलं. आधी लक्ष जाणार नाही अशा जागी थोडं लावून पाहावं, असं लिहिलं होतं.

"अशी जागा न्हाई हिच्यावर," घरमालक म्हणाले. "सगळी आळी बघती."

वडिलांनी मग रीतसर चाचणी घेतली. बॉनेटवर चिकटपट्टीने चौकोन आखले आणि एकेकाला एकेक चौकोन दिला. ग्राइंडिंगवाल्या काकांनी दात-ओठ खाऊन पेस्ट घासली. चरे गेले. काळा रंगही गेला. खाली राखाडी अस्तर दिसायला लागलं. "गुळगुळीत झालं की नाही बघा," ते म्हणाले, पण जरा मागे सरकून. खोबरेल तेलाचा चौकोन तासभर सगळ्यांत देखणा होता. मग हमरस्त्यावरची धूळ येऊन त्याच्यावर बसली ती उठेना. विलायती पॉलिश मेणाचं निघालं. त्याने चरे झाकले. दुसऱ्या दिवशी पाणी मारल्यावर ते परत हजर.

पेंट शॉपवाल्या काकांनी सगळ्यांत शेवटी डबा उघडला. कापसाच्या बोळ्यावर बोटभर कंपाउंड, वर पाणी, आणि कुणी तान्ह्या मुलाला तेल लावावं तसा हलका हात. तो चौकोन आरशासारखा झाला आणि त्यामुळे उरलेली गाडी होती त्याहून भिकार दिसायला लागली.

"मेण चरा भरतं, घालवत नाही," ते म्हणाले. "हे रंगाचा पापुद्राच काढतं. म्हणून सगळ्यांत मऊ घ्यायचं आणि सुकू द्यायचं नाही. पण अख्खी गाडी मी करणार नाही हं. मला क्रिकेट ऐकायचंय."

वडील असे कुणाचं ऐकून निर्णय घेणारे नव्हते. आठवडाभर ते सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हात चौकोन तपासत राहिले. आई खिडकीतून त्यांना तपासत राहिली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा एकदाचं कंपाउंड पास झालं.

वडील घासत होते, मी मगाने पाणी सोडत होते. वडिलांना जवळून चरे दिसत नव्हते. ते दिसायचे दारातून, तिरपं बघितल्यावर, आणि दारात आई तांदूळ निवडत बसली होती.

"तुझ्या वडिलांना सांग, दिव्याच्या वर राहिलंय."

"तिला विचार, कुठल्या?"

"डाव्या."

"डाव्या म्हणजे कुणाच्या डाव्या?" वडील मान वर करून म्हणाले. "तुझ्या की गाडीच्या?"

"गाडीला कसली आलीय डावी-उजवी? तिकडं, तुमच्या कोपरापाशी. कोपर काढा आधी."

"काढलं. आता?"

"आता सावली पडतीय तुमची."

भांडण असं सुरेख जमलं की मी हातातला मग खाली ठेवला आणि आत जाऊन पडले. कुणाच्या लक्षात आलं नाही. पाणी कोण घालत होतं ते मला खिडकीतून दिसलं.

राखाडी चौकोन तेवढा राहिला. त्याच्यावर आईने कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं.

भाऊबीजेला आम्ही निघोज्याला गेलो. चाकणचा रस्ता सोडून आत वळल्यावर कच्चा रस्ता लागला, आणि मामांच्या दारात पोचेपर्यंत गाडी काळी आहे हे सांगावं लागलं असतं. तरी भावजय बघत होती, आणि आई दार उघडून उतरली ती अगदी सावकाश. तेवढ्यासाठीच सगळं चाललं होतं.

मामा हरखून गेले. "दाजी, गाडीची पार माती झाली की. थांबा, आरसा करतो." आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी ओट्यावरचं कोरडं गोणपाट उचलून त्या धुळीवरून, बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मायेने खसाखसा फिरवलं.

वडील तोंड उघडून उभे राहिले. आईने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"तुझ्या वडिलांना विचार," ती मला म्हणाली, "माझ्या भावाशी बोलणार ना?"

वडिलांनी मामांच्या हातातलं गोणपाट काढून घेतलं.

"तुझ्या आईला सांग," ते म्हणाले, "कंपाउंडचा अर्धा डबा शिल्लक आहे."