पट्टीवरचे एकोणीस दिवस

पट्टीवाल्यांच्या येण्याजाण्यावर लोक घड्याळ लावायचे. सकाळी पुलाखालच्या चौकीत, संध्याकाळी घरी, असं एकतीस वर्षं. काम ऐकायला सोपं होतं. पुलाच्या खांबाला ठोकलेल्या पांढऱ्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते दर तीन तासांनी बघायचं, आणि दिवसाचा आकडा घरी पक्क्या वहीत उतरवायचा. मेव्हणा त्यांना ‘नदीचा ताप बघणारा डॉक्टर’ म्हणायचा आणि पट्टीवाले हसायचे. बायको गेली आणि ते हसू बंद पडलं. रडणंही आलं नाही. पानात वाढलं की जेवायचे, दिवा मालवला की झोपायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेब भरभरून बोलले, तेव्हाही हे छताच्या पंख्याकडे बघत बसले होते.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी शहराच्या पाण्याची योजना आली. नदीवर धरण बांधायचं नव्हतं. नदीशेजारच्या कोरड्या दरीत भिंत घालून तलाव करायचा, नदीला पाणी चांगलं असेल तेव्हा पंपाने उपसून तो भरून ठेवायचा आणि तिथून मोठ्या नळाने उताराउताराने पाणी शहराच्या टाकीत न्यायचं. अट एकच होती. पट्टीवर पाणी एक मीटर चाळीसच्या खाली गेलं की पंप बंद, कारण उरलेलं पाणी खालच्या गावांचं. पंप सलग जितके दिवस बंद राहील तितके दिवस शहराने तलावावर काढायचे, आणि भिंत किती उंच हवी ते त्यावरून ठरायचं. हे दिवस कुठून कळणार? पट्टीवाल्यांच्या वह्यांतून.

आखणी करणारी इंजिनियर एके दुपारी त्यांच्या घरी आली. बाई तरुण, हुशार आणि नको इतकी आदबशीर.

“काका, अख्खी योजना तुमच्या अक्षरावर उभी आहे,” ती म्हणाली. “सगळ्यात लांब कोरडा काळ बावन्न दिवसांचा मिळाला. ते वर्ष आठवतं का?”

तिने वर्ष सांगितलं. बायको गेली ते वर्ष.

“आठवतं,” पट्टीवाले म्हणाले.

बावन्न दिवस धरले तर भिंत दोन मीटर जास्त चढणार होती, आणि त्या दोन मीटरांत दरीच्या तळाची अकरा घरं पाण्याखाली जाणार होती. त्यांतलं एक त्यांच्या लेकीचं. जावयाने स्वतः विटा वाहून बांधलेलं, अजून मागच्या भिंतीला गिलावाही नव्हता.

आणि त्या बावन्नातले एकोणीस दिवस खोटे होते.

बायको जाऊन तीन दिवस झाले होते. पट्टीवाल्यांनी ओट्यावर भरून ठेवलेला डबा उचलला आणि निघाले. चौकात नदीकडे वळायचं, तर पाय भलतीकडेच वळले. ते बस स्टँडवर जाऊन बसले. गाड्या आल्या, गेल्या. संध्याकाळी घरी आले, तर चौदा वर्षांची लेक वही उघडून बसलेली. तिचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे पक्की वही ती लिहायची आणि हे खाली सही ठोकायचे.

“आजचा आकडा काय, बाबा?”

“एक बावीस.”

दुसऱ्या दिवशी एक एकवीस. मग पुन्हा बावीस. विसाव्या दिवशी पाय आपले आपण नदीकडे वळले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पट्टीवर त्या दिवशी एक तेवीस होतं, त्यामुळे वहीत कुठे ठेच लागली नाही.

आता बोलावं तर पंचाईत. एकोणीस दिवस खोटे निघाले की एकतीस वर्षांना कोण विचारतो? शिवाय लोक म्हणणार, पोरीचं घर वाचवायला म्हातारा बनाव रचतोय. खरं बोलायलाही मुहूर्त लागतो, आणि यांचा केव्हाच टळून गेला होता.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. दरीतली माणसं तावातावाने भांडत होती. “हे बावन्न दिवस आणले कुठून?” एकजण ओरडला. इंजिनियरने वहीचं पान पडद्यावर दाखवलं. ओळी मोत्यासारख्या, खाली सही.

लेक उठली.

“हे अक्षर माझं आहे,” ती म्हणाली. “सही बाबांची. आई गेली त्या महिन्यातही ते रोज नदीवर जात होते. आकडा चुकीचा नाही. माझी हरकत मी मागे घेते.”

पट्टीवाल्यांना फक्त लेकीची चप्पल दिसली, अंगठ्यापाशी शिवलेली. ते उभे राहिले आणि चौकीतून फोनवर आकडा सांगावा तशा आवाजात म्हणाले, “मी गेलो नव्हतो. एकोणीस दिवस. स्टँडवर बसायचो. आकडे मनाचे आहेत.”

“वा! आता बरं आठवलं!” शहराकडचा एकजण हसला.

“ते खरं बोलतायत,” लेक म्हणाली. “मला तेव्हाच माहीत होतं. मी शाळेत जातच नव्हते. पुलावर बसायचे. म्हटलं, बाबा खाली चौकीत असतील, वरून दिसत तरी राहतील. ते आलेच नाहीत. मी रोज वाट बघायचे.”

इंजिनियरने हळूच विचारलं, “पाणी कुठवर होतं, आठवतं?”

“दुसऱ्या आठवड्यात चढलं होतं. चारपाच दिवस चौकीची खालची पायरी दिसत नव्हती.”

खालची पायरी एक पन्नासला बुडते, हे पट्टीवाल्यांना झोपेतही सांगता आलं असतं. म्हणजे त्या दिवसांत पंप चालला असता. बावन्न दिवस मधोमध तुटले होते. इंजिनियरने दोघांकडून लेखी जबाब घेतला, नदीच्या वरच्या अंगाला पडलेल्या पावसाच्या नोंदींशी ताडून बघते म्हणाली, आणि जुळलं तर भिंत उतरेल असंही म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर पट्टीवाल्यांनी लेकीला विचारलं, “मग मघाशी तसं का बोललीस? घर गेलं असतं.”

“पानावर तुमची सही होती.”

“आणि तेव्हा? तेव्हा का नाही बोललीस?”



“तुम्ही डबा रोज संपवून आणायचात. मला वाटायचं, विचारलं तर तेवढं खाणंही सुटेल.”

पट्टीवाले खाली पायरीवर बसले. एकोणीस दिवस ओट्यावरून उचललेला तो डबा कोणी भरला होता, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पडला नव्हता.